बन्नीचे कुरण आणि त्याची माती

गुजरात राज्यातील भूज शहराच्या उत्तरेस, कच्छच्या डोंगराळ भागापासून मोठ्या रणापर्यंत, बन्नी नावाचे एक सपाट कुरण पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर आहे. तेथे पाऊस थोडा पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. दक्षिणेकडून वाहत येणाऱ्या नद्यांनी आणलेल्या गाळाची ही जमीन मुळातच खारट आहे. असे असूनही मालधारी नावाने ओळखले जाणारे पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या येथे गुरे-म्हशी पोसत आले. त्यांच्या या उपजीविकेचा सारा आधार गवत हाच होता.

या गवतांत मुख्य स्थान ‘जिंजवा’चे होय. दख्खनच्या पठारावर ज्याला आपण मारवेल म्हणतो तेच हे गवत. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील तृणाच्छादनाच्या ग्रंथात देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार केले आहेत. त्यांपैकी दोन प्रकारांच्या नावांत मारवेलच्या प्रजातीचा समावेश आहे. बहुवर्षायू गवताचे वैशिष्ट्य असे की, त्याचा जीव जमिनीवरील पात्यांत नसून जमिनीलगतच्या कोंबांत आणि मुळांत असतो. म्हणून गुरांनी पाती खाल्ली तरी ते मरत नाही.

मुळांचे दुसरे कार्य मातीसंबंधीचे आहे. दरवर्षी काही मुळे मरतात, कुजतात आणि मातीत सेंद्रिय द्रव्य मिसळते. त्यायोगे मातीचे कण एकमेकांस चिकटून लहान ढेकळे बनतात व त्यांच्यामधील पोकळ्यांतून पावसाचे पाणी खाली झिरपते. खाऱ्या जमिनीत या गोष्टीचे महत्त्व फार. उघड्या जमिनीतून बाष्पीभवन होऊ लागले की केशाकर्षणाने खालचे खारे पाणी वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर उरते. गवताची सावली असेल तर हे बाष्पीभवन मंदावते, आणि झिरपणारे गोडे पाणी मीठ खाली ढकलते. गोड्या पाण्याचा हा गुण मालधाऱ्यांना शास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होता. पावसाचे हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगते, हे जाणून ते सखल जागी ‘विरडा’ नावाची उथळ विहीर खणतात.

रणाचा खारेपणा पुढे सरकत आहे या भीतीने १९६०-६१ च्या सुमारास वनखात्याने येथे सुमारे ३१,५०० हेक्टरांवर विलायती बाभूळ लावली. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. हेतू वाईट नव्हता; परंतु झाडे नसलेली जमीन म्हणजे ओसाड जमीन, ही समजूत त्यामागे होती. आमच्या मते ती समजूतच सर्वांत महाग पडली. या बाभळीच्या गोड शेंगा गुरे आवडीने खातात, आणि टणक बिया शेणाबरोबर, जणू खतासहित, दूरवर पेरल्या जातात. तिच्या दाट छायेत गवत टिकत नाही. स्थानिक लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. नाव समर्पक आहे. शिवाय रुद्रमातेसारख्या धरणांमुळे कुरणाकडे येणारे गोडे पाणी व गाळ घटला, हेही विसरून चालणार नाही. केवळ शेंगांवर जगणारी गाय आजारी पडते. म्हैस त्या मानाने तग धरते. कांकरेज गाईंचे प्रमाण घटून म्हशींचे वाढण्याचे हे एक मोठे कारण आहे. रात्री चरून सकाळी परतणाऱ्या या बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

मग कुरण परत कसे आणावे? बाभूळ नुसती कापल्याने भागत नाही. खुंटापासून अनेक फुटवे येतात आणि एका झाडाचे झुडूप बनते. खोडाचा जमिनीखालील भाग मुळासकट काढावा लागतो, आणि तेही पावसापूर्वी. पहिल्या पावसात बहुधा एकवर्षायू गवते व तणे अधिक दिसतात. त्यावरून निराश होऊ नये, कारण मारवेलसारख्या गवतास पाय रोवण्यास वेळ लागतो. जेथे मातीतील बियाणे नष्ट झाले असेल तेथे जवळच्या चांगल्या कुरणातील बी पेरावे अथवा ठोंब लावावेत. बाहेरचे बी आणू नये. पावसाळ्यात बी पिकून गळेपर्यंत चराई थांबवावी. बन्नीत ज्या ठिकाणी असे केले गेले, तेथे गवत पुन्हा उभे राहिल्याचा अनुभव आहे.

परंतु चराई कायमची बंद करणे इष्ट नाही. न खाल्लेले जुने गवत वाळून साचते व नव्या कोंबांना प्रकाश मिळू देत नाही. गुरांच्या शेणातून मातीचे पोषण होते तेही थांबते. म्हणून कोणती जागा केव्हा मोकळी ठेवावी हे तेथे गुरे चारणाऱ्यांबरोबर बसूनच ठरवले पाहिजे. याच बाभळीचा कोळसा करून पोट भरणारी कुटुंबेही बन्नीत आहेत. सर्व बाभूळ एकदम काढण्याची योजना त्यांच्यावर आघात करील. तुकड्यातुकड्याने काढल्यास त्याच कोळशाच्या पैशातून काम चालू शकते. मोकळ्या केलेल्या प्रत्येक तुकड्यात मात्र पुढील काही वर्षे पावसानंतर फिरून शेणातून उगवलेली रोपे हातानेच उपटावी लागतात. मूळ खोल जाण्यापूर्वी हे काम एकटा गुराखीही करू शकतो.