तरलता-साठ्याची पाहणी

घेणारा आणि विकणारा यांची गाठ पडल्यावाचून सौदा होत नाही, असा बाजाराचा सर्वसाधारण अनुभव आहे. क्रिप्टोचलनाच्या काही व्यवहारांत मात्र दुसरा पक्ष म्हणून दोन चलनांचा सामाईक साठा असतो. त्याला ‘लिक्विडिटी पूल’ किंवा तरलता-साठा म्हणतात. हेडन अ‍ॅडम्स यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू केलेल्या युनिस्वॅपमुळे ही पद्धत रूढ झाली. साठ्यातील दोन्ही संख्यांचा गुणाकार कायम राहावा, हा तिचा मूळ नियम होय.

समजा, साठ्यात ‘अ’ची १० व ‘ब’ची १,००० नाणी आहेत. ‘अ’चा दर्शनी भाव १०० होतो, परंतु एक नाणे घेतल्यास ९ उरतात आणि शुल्क वगळूनही १११ हून अधिक ‘ब’ नाणी मोजावी लागतात. साठा शंभरपट मोठा असता, तर १०० हून किंचित अधिक पुरली असती.

हा आकार सार्वजनिक खातेवहीतून वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर म्हणूनच मोलाचे ठरते. जयपूरनजीकच्या बस्सीतील ग्राहकालाही तेच आकडे दिसतात. परंतु नाणे खरे की फसवे, साठा उद्या कोणी काढून नेईल काय, हे केवळ त्या आकड्यांवरून कळत नाही. तो विवेक ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.