हवालदार गोपाळबाबा वलंगकर : प्रश्न विचारणारा शिपाई



दीक्षा घेतली म्हणजे मागची वाट विसरावी असे नाही. ती कोणी पाडली, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ सालचा. त्याआधीच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या एका शिपायाची ओळख आज करून घेऊ.

गोपाळबाबा वलंगकर हे महाड तालुक्यातील रावढळ गावचे. १८८६ साली ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले व दापोलीस राहू लागले. पलटणीत शिपायाला अक्षरओळख होई. गावात ज्याला शाळेची पायरी चढू देत नसत, तो पलटणीत वाचू-लिहू लागे. या विद्येचा उपयोग गोपाळबाबांनी समाजासाठी केला. जोतीराव फुल्यांच्या विचारांची दीक्षा त्यांना आधीच मिळाली होती. ते 'दीनबंधू' पत्रात लिहीत. १८८८ साली त्यांनी विटाळाच्या कल्पनेवर घाव घालणारी पुस्तिका काढली आणि धर्ममार्तंडांना विचारले, हा विटाळ आला कोठून? 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्थाही त्यांनीच उभी केली.

पुढे सरकारने लष्कराची दारे महारांना बंद केली. ज्यांनी रक्त सांडले त्यांनाच नालायक ठरविले. गोपाळबाबांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १८९५ साली ते महाडच्या तालुका लोकल बोर्डावर सभासद झाले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसावे लागणार म्हणून उच्चवर्णीय सभासद खवळले. १९०० साली गोपाळबाबा वारले.

आता सातासमुद्रापलीकडे पाहा. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेत रॉबर्ट स्मॉल्स हे १८३९ साली गुलाम म्हणून जन्मले. १३ मे १८६२ रोजी पहाटे, 'प्लँटर' हे जहाज त्यांनी तोफांसकट चार्ल्सटनच्या बंदरातून पळविले व बायको-मुलांना स्वातंत्र्यात नेले. युद्धात ते त्याच जहाजाचे कप्तान झाले. नंतर त्यांनी जुन्या मालकाचे घर विकत घेतले, दुकान काढले, काँग्रेसमध्ये निवडून गेले. पण गोपाळबाबा बोर्डावर गेले त्याच १८९५ साली दक्षिण कॅरोलिनाने काळ्या लोकांचा मताधिकार हिरावणारी नवी घटना केली. स्मॉल्स सभेत उभे राहून विरोध करीत राहिले. बहुमत त्यांच्याविरुद्ध होते.

यातून काय शिकावे? एकट्या माणसाने मोठे होणे पुरेसे नाही. दुसऱ्याच्या मर्जीने मिळालेला हक्क त्याच्याच मर्जीने जातो. म्हणून बाबासाहेबांनी हक्क संविधानात लिहून घेतले. आणि कायद्याने मन बदलत नाही, म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मही दिला. गोपाळबाबांनी धर्ममार्तंडांकडे उत्तर मागितले. बाबासाहेबांनी त्याच महाडात १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि शेवटी उत्तराची वाट पाहणेच सोडून दिले.

आता तुमच्या घरी या. देव्हारा कापडात बांधून माळ्यावर ठेवला आहे काय? मूल आजारी पडले की अंगारा आठवतो काय? त्यासाठी म्हाताऱ्या आईवर रागावू नका. पिढ्यांची भीती एका दिवसात जात नाही. पण ती भीती मुलाच्या हाती देऊ नका. बुद्धांचा धम्म 'एहिपस्सिक' आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. शहागंजात मडके घेताना आपण चार ठिकाणी वाजवून पाहतो. मग मनात ठेवायची समजूत न तपासता का ठेवावी?

घरी चर्चेसाठी प्रश्न :

१. पलटणीतील शिक्षणाने गोपाळबाबांच्या जीवनात काय बदल घडला?

२. केवळ कायदा किंवा केवळ धर्मांतर पुरे का नाही?

३. आपल्या घरातील कोणती रूढी आपण अजून तपासलेली नाही?

जय भीम!

— एक शिक्षक, शहागंज