कापडासारखी दिसणारी पिशवी

सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्याने आपली हयात घालविली, परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज ज्याने त्यावर कधी शेरा मारला नाही, त्या मनुष्याची एका पिशवीच्या बाबतीत साफ फसगत व्हावी, हे सांगण्यास मला अद्याप संकोच वाटतो; तथापि त्या संकोचापायी ही हकीकत दडवून ठेविली तर आणखी चार जण त्याच वाटेने जातील, म्हणून लिहीत आहे.

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि त्याच वैशाखात आमच्या नातवाची मुंज ठरली. पाहुण्यांना नारळ आणि पेढे कशातून द्यावेत असा प्रश्न निघाला, तेव्हा ती जबाबदारी मी आपण होऊन पत्करली आणि पुण्याच्या रविवार पेठेतील एका घाऊक दुकानातून दोनशे पिशव्या आणल्या. पांढऱ्या, मऊ, वजनाला हलक्या आणि वर हिरव्या अक्षरांत ‘पर्यावरणस्नेही’ असे छापलेल्या. ‘कापडीच ना?’ असे मी विचारले, त्यावर दुकानदार म्हणाला, ‘काका, हात लावून बघा की!’ हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, ही गोष्ट कचेरीत असतो तर माझ्या तत्काळ ध्यानात आली असती. मी हात लाविला आणि समाधान पावलो. मुंजीत त्या पिशव्यांची वाखाणणी झाली, तीही मी मुकाट्याने स्वीकारली.

उरलेल्यांपैकी एक पिशवी पुढे स्वयंपाकघरात गेली. एके दिवशी सांडशी हाताशी नव्हती म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी ती दुमडून तापलेली लोखंडी कढई उचलली, तो पिशवी वितळून कढईच्या कानाला चिकटली. ‘अहो, हे कापड कसलं, हे तर तुमचं प्लास्टिकच!’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यातील ‘तुमचं’ हा शब्द अगदी मोजून टाकलेला होता.

मग मी शासनाची ती अधिसूचना मिळवून समग्र वाचली. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांचा उल्लेख तीत स्पष्ट होता. म्हणजे बंदीचे पालन करावयाचे म्हणून मी जो जिन्नस पाहुण्यांच्या घरोघरी पोहोचविला, तो बंदीतलाच होता. ही पिशवी मागावर विणलेली नसते. प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांस डकवून तिचा ताव बनवितात. म्हणून ती घेण्यापूर्वी उजेडासमोर धरावी. सुती कापडात उभ्या-आडव्या धाग्यांची वीण दिसते. हिच्यात वीण नसून ओळीने उमटलेले बारीक ठसे दिसतात. तेवढ्यानेही खातरजमा होत नसेल तर कोपऱ्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून ज्योतीला लावावा: सूत कागदासारखे जळते व त्याची राख होते, हा पदार्थ आक्रसतो, वितळतो आणि निवल्यावर त्याचा टणक मणी बनतो.

यानंतर प्रायश्चित्त म्हणून एका प्रदर्शनातून मी डझनभर जाड सुती पिशव्या विकत घेतल्या, आणि ही दुसरी चूक झाली, कारण घरात पिशव्यांचा तुटवडा मुळीच नव्हता. इंग्लंडच्या पर्यावरणखात्याने २०११ मध्ये मांडलेला हिशेब असा की, केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तरी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी, तेव्हा कोठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीस येते. आठवड्यातून दोनदा मंडईत जाणाऱ्या माझ्यासारख्यास एका पिशवीचे हे ऋण फेडण्यास सव्वा वर्ष लागते. डझनाचे ऋण फेडावयाचे तर पंधरा वर्षे, आणि तेवढी मुदत मला मिळेलच असे नाही.

‘कुजणाऱ्या’ म्हणून आणलेल्या कचरापिशव्यांची कथा त्याहून आखूड आहे. परसातील खड्ड्यात पुरलेली पिशवी वर्षाने जवळजवळ होती तशीच निघाली. असल्या बहुतेक पिशव्या मोठ्या खतप्रकल्पातील सुमारे ५८ अंशांच्या उष्णतेत कुजाव्यात अशा बेताने बनविलेल्या असतात. माझ्या खड्ड्याला ती ऊब कोठून यावी? असल्या दाव्यांतून खरा माल ओळखता यावा म्हणून भारत सरकारने १९९१ साली पर्यावरणास अनुकूल मालासाठी ‘इकोमार्क’ची योजना काढली आणि मातीच्या घड्याचे सुंदर चिन्ह तिला दिले, तो घडा आजवर एकाही वस्तूवर माझ्या दृष्टीस पडलेला नाही, हिरवे पान मात्र साबणापासून खराट्यापर्यंत सर्वत्र आढळते. पान छापण्यास शाईखेरीज काही लागत नाही.

आता कोणतीही ‘हिरवी’ वस्तू घेण्याचा मोह झाला की मी प्रथम माळ्यावर चढून पाहतो, आणि बहुधा बाजारात जाण्याचे कारणच उरत नाही. मंडईसाठी जुन्या धोतराच्या दोन पिशव्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून शिवून घेतल्या आहेत. शिलाई नव्या पिशवीच्या किमतीहून अधिक पडली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

राहता राहिली ती मुंजीतील पिशवी. ज्या आप्तेष्टांकडे ती अजून असेल त्यांनी ती चांगली आहे तोवर खुशाल वापरावी, मात्र उन्हात टाकू नये, कारण उन्हाने तिचा भुगा होतो आणि तो वेचता येत नाही. फाटू लागताच ती कोरड्या कचऱ्यात द्यावी, आणि विस्तवाजवळ तर मुळीच नेऊ नये.