जिद्दी, हट्टी की अडेलतट्टू?

कॅम्पसचा सीझन आला की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: इंटरव्ह्यूत 'स्ट्रेंग्थ' विचारली तर काय ठोकायचं? सांगण्यासारखं असतं हो आपल्याकडे. कुणी केटी लागलेला एम-थ्री तिसऱ्या फटक्यात साठच्या वर नेलेला असतो, कुणी मेसचं पाणी पिऊन रात्र रात्र प्रोजेक्ट चालता केलेला असतो. मनात वाक्य तयार असतं, 'मी जिद्दी आहे.' आणि तोंडातून निघतं, 'आय ॲम व्हेरी स्टबर्न, सर!' पॅनेलला मात्र ऐकू येतं, 'हा गडी कुणाचं ऐकायचा नाही.'

मित्रांनो, घोळ शब्दाच्या प्रवासात आहे. मराठीत 'जिद्द' म्हणजे कौतुक. हिंदीत 'जिद' म्हणजे हट्ट. त्यामुळे हिंदीतल्या जिद्दीला इंग्रजीत 'स्टबर्न' चालतो, आपल्या जिद्दीला 'डिटरमिन्ड' लागतो. स्पेलिंग चुकलं तर लोक हसतात आणि विसरतात. इथे मात्र माणसाचा स्वभावच चुकीचा नोंदला जातो.

न सोडण्याच्या वृत्तीसाठी इंग्रजीत डझनावारी विशेषणं आहेत. वर्डलिस्टमध्ये ती एकाखाली एक येतात आणि आपण सगळ्यांपुढे 'हट्टी' लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्यांचे तीन गट पडतात.

पहिला कौतुकाचा: डिटरमिन्ड, रेझोल्यूट, स्टेडफास्ट, टिनेशस. यातला 'टिनेशस' म्हणजे आपला 'चिवट'. लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' या धातूवरून तो आला. टेक्स्टाइलवाल्यांना 'टेनॅसिटी' ठाऊकच आहे: धागा तुटायला लागणारं बल भागिले त्याची रेषीय घनता. माणसाची टेनॅसिटीही तशीच, ताण आल्यावर मोजायची.

दुसरा मधला: पर्सिस्टंट, डॉगिड, स्टबर्न. हे संगतीवर अवलंबून असतात. पर्सिस्टंट प्रयत्न चांगले, पर्सिस्टंट खोकला वाईट. 'डॉगिड'मध्ये चमक नाही, पण दम आहे. 2001 च्या मार्चमध्ये कोलकात्याला लक्ष्मणने 281 आणि द्रविडने 180 केल्या, चौथा अख्खा दिवस दोघांनी खेळून काढला. त्यात द्रविडच्या खेळीला हा शब्द चपखल बसतो. उच्चार मात्र 'डॉगिड' असाच, दोन तुकड्यांत. 'स्टबर्न' कपड्यावरच्या डागालाही लावतात. 'स्टबर्न डिफेन्स' म्हटलं तर शाबासकी, पण स्वतःच्या तोंडाने स्वतःला लावायचा हा शब्द नव्हे.

तिसरा गट निंदेचा: ऑब्स्टिनेट, हेडस्ट्राँग, पिग-हेडेड, म्यूलिश. 'म्यूल' म्हणजे खेचर. आपल्याकडे त्याच्या जागी तट्टू आहे, म्हणून 'अडेलतट्टू'. दोन भाषांनी वेगवेगळ्या रस्त्यांवर एकच जनावर अडलेलं पाहिलं असावं! मेटलर्जीवाल्यांचा 'रिफ्रॅक्टरी'ही मुळात याच कुळातला. मूळ अर्थ आज्ञा न मानणारा, हेकट. भट्टीच्या विटा उष्णतेला जुमानत नाहीत म्हणून त्या रिफ्रॅक्टरी. विटेला हा गुण, विद्यार्थ्याला दोष.

मग गट ठरवतो कोण? बर्ट्रांड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' कार्यक्रमात यावर गमतीत बोट ठेवलं होतं. क्रियापद चालवावं तसं त्यांनी विशेषण चालवून दाखवलं: मी ठाम, तू हट्टी, तो मूर्ख हेकेखोर. वागणं एकच, पुरुष बदलला की शब्द घसरतो. हे वाचून हसाल, मग रूममेटबद्दल आपण काल काय बोललो ते आठवा.

तरीही सगळंच बोलणाऱ्याच्या मर्जीवर नाही. एक कसोटी लावता येते: समोर नवा पुरावा आला तर माणूस आपली दिशा तपासतो का? तपासून पुढे जातो तो पर्सिस्टंट. तपासायलाच नकार देतो तो ऑब्स्टिनेट.

एडिसन घ्या. दिव्याच्या फिलामेंटसाठी त्याने शेकडो पदार्थ जाळून पाहिले. 1879 मध्ये कार्बन केलेल्या सुती दोऱ्याने साथ दिली, तरी तिथे न थांबता तो पुढे बांबूकडे वळला. प्रत्येक अपयशाने पुढची निवड बदलत होती. हा पर्सिस्टंट. तोच एडिसन 1880 च्या दशकाच्या अखेरीस एसी करंटविरुद्ध उभा राहिला. लांबवर वीज न्यायला एसी सोयीचा हे दिसत असतानाही तो धोक्याचाच, असा प्रचार करत राहिला. 1893 चं शिकागोचं प्रदर्शन शेवटी वेस्टिंगहाउसच्या एसीनेच उजळलं. इथे शब्द लागतो ऑब्स्टिनेट. माणूस तोच, चिकाटी तीच, फक्त कान बंद झाले होते.

आता थोडं व्याकरण. 'पर्सिस्ट'नंतर 'इन', 'इन्सिस्ट'नंतर 'ऑन'. पर्सिस्टंट माणूस करत राहतो, इन्सिस्टंट माणूस मागत राहतो. मराठीत चिकाटी आणि आग्रह. 'ॲडमंट' आपण हट्टी पोरालाही लावतो, पण तो एखाद्या मुद्द्यावरच्या ठामपणासाठी जास्त शोभतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अभेद्य, 'डायमंड'ही त्यातूनच आला.

सराव करू. रिकाम्या जागी काय घालाल?
1. साबणाने न जाणारा शाईचा डाग.
2. रीडिंग स्थिर येईपर्यंत दहा वेळा प्रयोग करणारी मुलगी.
3. गाइडने गणित मांडून दाखवलं, तरी तोच बीम काढणारा मुलगा.
4. सगळे पार्टनर गळाले तरी प्रोजेक्ट धरून ठेवणारा.
उत्तरं: स्टबर्न, पर्सिस्टंट, ऑब्स्टिनेट, टिनेशस.

सर-मॅडमनाही एक विनंती. रेकमेंडेशन लेटर लिहिताना मुलाची चिकाटी सांगायची असेल, तर विशेषण दोनदा पाहा. तुमच्या मनात शाबासकी असते, पण परदेशातल्या प्रोफेसरच्या हातात फक्त शब्द पडतो. आणि नुसत्या विशेषणापेक्षा एक प्रसंग जोडा: काय अडलं, त्याने काय बदललं, पुन्हा काय केलं. मुलांनो, इंटरव्ह्यूतही हेच करा. 'काय बदललं' याचं उत्तर असेल तर 'पर्सिस्टंट' बिनधास्त म्हणा. नसेल, तर आधी ते शोधा.