खडकाळ रानासाठी ट्रॅक्टरला बॅकहो घ्यावा का?

प्रश्न : पुरंदर तालुक्यात आमची वडिलोपार्जित पाच एकर मुरमाड जमीन आहे. निम्मं रान चढउताराचं आणि दगडगोट्यांनी भरलेलं. तिथे सीताफळ आणि थोडं अंजीर लावायचा विचार आहे. जेसीबीवाला तासाला बाराशे घेतो आणि मे महिन्यात फोनही उचलत नाही. म्हणून २४ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर घ्यावा, त्याला पुढे लोडर आणि मागे खोदणारा बॅकहो बसवावा असं मनात आहे. ट्रॅक्टरची किंमत वेगळी, नुसत्या बॅकहोचे साडेतीन लाख सांगितलेत. थोरले बंधू म्हणतात, पैसे दगडात घालू नकोस. काय करावं?

उत्तर : ट्रॅक्टर घ्या. बॅकहो आत्ता घेऊ नका. पण तुमचे बंधू म्हणतात म्हणून नव्हे, आणि मी म्हणतो म्हणूनही नव्हे. तुमच्या रानात दगड कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहा आणि मग ठरवा. बहुतेक शेतकरी यंत्र आधी बघतात आणि जमीन नंतर. इथे हा क्रम उलटा लावायला हवा.

जवळपास कुणाची उघडी विहीर असेल तर काठावर उभं राहून तिची भिंत नीट वाचा. तुमच्या भागात साधारण असं दिसतं : वर फूट-दीड फूट माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, त्या मुरमात अधूनमधून रुतलेले गोलसर काळे दगड, त्याखाली टिकावाने निघणारा मांजऱ्या आणि मग सलग काळा पाषाण. हे थर प्रत्येक गटात वेगवेगळ्या खोलीवर असतात. एकाच रानाच्या दोन टोकांना चार-चार फुटांचा फरक पडतो.

मुरमातले ते गोल दगड कुठून वाहत आलेले नाहीत, ते तिथेच घडले. साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले आणि निवताना त्यांना उभ्याआडव्या चिरा पडल्या. चिरांतून पाणी उतरत गेलं, चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजले आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत सुटत आतला टणक गाभा तेवढा राहिला. असा दगड भोवतालच्या मुरमापासून सुटा असतो. त्याच्या बगलेत बकेटचा दात गेला की तो निघतो. खालचा सलग पाषाण मात्र बकेटने निघत नाही, मग ती बकेट मिनी ट्रॅक्टरची असो की मोठ्या जेसीबीची. तिथे ब्रेकर लावलेलं पोकलेन हवं, नाहीतर परवानाधारक माणसाकडून सुरुंग.

तुमच्याकडे यातलं काय आहे, ते पहारीने कळतं. पहिला पाऊस पडून जमीन ओलावली की रानात दहा-बारा ठिकाणी पहार ठोकून पाहा. दगड सुटा असेल तर आवाज बोदा येतो, पहार तिरकी केली की तो किंचित हलतो. सलग कातळ असेल तर ठणकन आवाज येतो, पहार उसळते आणि तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. प्रत्येक जागी किती फुटांवर पहार थांबली हे वहीत लिहून ठेवा. त्यानंतर अर्ध्या दिवसासाठी जेसीबी बोलावून पाच-सहा खड्डे घेऊन बघा. या सगळ्या व्यवहारात याहून चांगला खर्च दुसरा नाही.

आता यंत्राच्या ताकदीचं बोलू, कारण फसगत होते ती इथे. काळ्या दगडाचा फूटभर लांब, रुंद, उंच ठोकळा साधारण ८० किलोचा. दोन फूट व्यासाचा गोल दगड साडेतीनशे किलोच्या घरात जातो आणि तीन फुटांचा ११०० किलोच्या वर. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, आणि डोळ्यांना ते अजिबात जाणवत नाही. २४ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरचा लोडर साधारण तीनशे-चारशे किलो उचलतो. म्हणजे दोन फुटांच्या दगडाशी त्याची हद्द संपली.

खोदण्याचंही तसंच. बकेट दगडाला ओढते तेव्हा दगडही यंत्राला तेवढ्याच जोराने ओढत असतो. नेहमीचा जेसीबी साडेसात टनांच्या आसपास असतो, म्हणून तो जागचा हलत नाही. मिनी ट्रॅक्टर नुसता बघितला तर टनाच्या आतच असतो. लोडर आणि बॅकहो धरून वजन वाढलं तरी मोठा दगड अडकला की दगड वर येण्याऐवजी ट्रॅक्टर मागे सरकतो, नाहीतर पुढची चाकं उचलतो. पंपाचा दाब वाढवून हे सुटत नाही. मुरूम उकरणं, पाइपलाइनचा चर काढणं, डोक्याएवढे-घागरीएवढे दगड काढणं ही कामं तो छान करील. ज्या दगडांसाठी तुम्ही तो घ्यायला निघालात, ते मात्र रानातच राहतील.

हा अनुभव जुना आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९५३ मध्ये इंग्लंडात पहिला बॅकहो लोडर बांधला तो फोर्डसन मेजर या शेतीच्या ट्रॅक्टरवरच. पुढच्या वर्षांत मात्र ते यंत्र ट्रॅक्टरपासून दूर होत गेलं : सांगाडा जाड झाला, वजन वाढलं, पाय रुंदावले. आज गावोगाव दिसणारा पिवळा जेसीबी त्याच वाटेने आलेला आहे. खोदकामाला ट्रॅक्टरचं अंग अपुरं पडतं, हे सत्तर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

त्यात आपल्याकडे आणखी एक धोका आहे. काही फॅब्रिकेशनवाले बॅकहो थेट लिफ्टच्या तीन बिंदूंवर अडकवून देतात. खोदताना बसणारा सगळा हिसका मग टॉप लिंकवर आणि मागच्या डिफरन्शियलच्या कास्टिंगवर येतो. ट्रॅक्टर तिथे तडकला की दुरुस्तीचा खर्च ऐकवत नाही. बॅकहो घ्यायचाच झाला तर खालून पुढच्या ॲक्सलपर्यंत जाणारी पूर्ण लांबीची सबफ्रेम हवी, आणि ट्रॅक्टर कंपनीने ते जोडकाम मान्य केल्याचं लेखी हवं. तोंडी ‘वॉरंटी राहील, काळजी नको’ यावर एक रुपयाही देऊ नका.

आता हिशोब. सीताफळ ५ × ५ मीटरवर लावलं तर एकरी १६० झाडं. पाचही एकर धरले तरी ८०० खड्डे, प्रत्येकी दोन फूट लांब, रुंद, खोल. मुरमात जेसीबीने तासाला १५ खड्डे काढले असं सावधपणे धरू. म्हणजे ५३-५४ तास, तुमच्या दराने साधारण ६४ हजार रुपये. दगड काढून बांधाला लावायला आणखी तेवढेच तास धरा. सव्वा-दीड लाखात काम उरकतं. बॅकहोच्या साडेतीन लाखांत तोच जेसीबी २९० तास येतो. पाच एकरांत तेवढं काम नाहीच. शिवाय खड्डे एकदाच काढायचे असतात, दगडही एकदाच काढायचे असतात. बॅकहोचे हप्ते मात्र झाडं फळाला आली तरी चालूच राहतील आणि यंत्र शेडमध्ये ऑइल गाळत बसेल.

जे काम दरवर्षी येतं त्याचं यंत्र घरचं असावं, आणि फवारणी, आंतरमशागत, शेणखत आणि फळांची वाहतूक ही कामं दरवर्षीची आहेत. म्हणून ट्रॅक्टर घ्या म्हणालो. चार चाकांची ओढ असलेलाच घ्या, चढावर त्याशिवाय निभाव नाही. लोडर जमला तर जरूर घ्या. रोटाव्हेटरची घाई करू नका. दगडाच्या रानात त्याची पाती तुटतात आणि गिअरबॉक्स मार खातो. स्प्रिंगचा कल्टिव्हेटर दगड लागला की मागे सरतो आणि पुढे जातो, तुम्हाला तोच सोयीचा. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी बिल आणि मग अर्ज असं चालत नाही.

लोडर चालवताना एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. गोल दगड घेऊन बकेट उंच उचलली की तो मागे घरंगळून थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. दगड न्यायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून, आणि उतारावर आडवं न चालता उभं चालून.

मे महिन्यात जेसीबी मिळत नाही ही तुमची अडचण खरी आहे. तो मेमध्ये बोलावूच नका. पावसाळा संपून वाफसा आला की दिवाळीच्या पुढे-मागे त्याच्याकडे कामं कमी असतात, मुरूम ओलसर असतो आणि दगडही लवकर सुटतो. खड्डे उन्हाळाभर तापू द्या, मृगाच्या आधी भरा. खड्डा काढताना वरची माती एका अंगाला आणि मुरूम दुसऱ्या अंगाला टाकायला सांगा आणि स्वतः तिथे उभे राहा. ऑपरेटर घाईत सगळं एकत्र करतो, आणि फूटभर मातीच्या रानात ती माती मुरमाखाली गेली की दोन पिढ्या परत येत नाही.

शेवटी मनापासून विनवतो : सगळे दगड काढू नका. सीताफळ हलक्या, निचऱ्याच्या रानातच सुखी असतं. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीरही याच तांबूस-मुरमाड जमिनीने घडवलेलं आहे. वरचे छोटे दगड वळवाच्या पावसाचा मारा अंगावर घेतात, माती वाहू देत नाहीत, ओल धरतात. झाडाच्या ओळी आणि ट्रॅक्टरची वाट मोकळी झाली की पुरे. निघालेले मोठे दगड समपातळीवर रचून ताली घाला. ते विकायचा किंवा गटाबाहेर न्यायचा विचार असेल तर आधी तहसील कार्यालयातून गौण खनिजाची परवानगी घ्या. विनापरवाना वाहतुकीत ट्रॅक्टरच जप्त होतो.

बॅकहो घेणं योग्य ठरेल अशीही परिस्थिती असते. रानाकडे जाणारी वाट इतकी अरुंद असेल की जेसीबी पोचतच नाही, किंवा चार-पाच भाऊबंद मिळून वीस-पंचवीस एकरांचं काम काढत असाल आणि चालवणारा घरातलाच असेल, तर पुन्हा हिशोब मांडा. तेव्हाही पहारीने काय सांगितलं ते आधी बघा.

प्रश्न : देवगडजवळ आमचा सडा आहे, वर सगळा जांभ्याचा कातळ. हापूससाठी मीटरभराचे खड्डे हवेत. गावात एकाचा जुना ट्रॅक्टर-बॅकहो स्वस्तात विकायला आहे. तो चालेल का?

उत्तर : कातळ फोडायला चालणार नाही. जांभ्याचं वरचं कवच वाऱ्याऊन्हाने कठीण होत गेलेलं असतं. बकेटचे दात त्यावर नुसते घासतात. ते ब्रेकरनेच फोडावं लागतं. कवचाखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, मातकट थर लागतो आणि तिथे बॅकहो चालतो, पण ब्रेकरवाला एकदा आला की तेवढं कामही तोच करून जातो. दहा मीटरवर लावलं तर एकरी ४० खड्डे; त्यासाठी यंत्र विकत घेणं परवडत नाही. सड्यावर जिथे करवंदीच्या जाळ्या किंवा झुडपं आपोआप वाढलीत तिथे कातळाला भेग आणि खाली माती असते. आधी त्या जागा धरा, ओळ थोडी वाकडी झाली तरी चालेल.

ब्रेकर लावण्यापूर्वी मात्र सडा झाडून, पाणी मारून, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पायी फिरून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं सापडली आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. २०२२ मध्ये कोकणातली शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोरलेली रेघ दिसली तर काम थांबवा, फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवा. फुटलेलं शिल्प पुन्हा जोडता येत नाही. आंब्याचा खड्डा दहा हात बाजूला घेता येतो.

आणि तो जुना ट्रॅक्टर-बॅकहो चर-गटारांच्या कामासाठी कुणाला घ्यायचाच असेल तर रंगाकडे पाहू नका. बकेट जमिनीपासून हातभर उचलून बाजूने हलवा. पिन-बुशातून खुळखुळ आवाज आला तर भोकं झिजलेली आहेत. बूम वर करून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ती खाली येऊ लागली तर सिलिंडरचे सील गेलेत. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर बोट फिरवून ओरखडे शोधा. सबफ्रेमच्या वेल्डिंगवरचा ग्रीस पुसून चिरा बघा. आणि आरसी बुकात नोंद कशाची आहे ते आरटीओत विचारून खात्री झाल्यावरच इसार द्या.