पाणी तोडू नका, पॅड नीट निवडा



माझी आई दर वर्षी 6 डिसेंबरला वस्तीतल्या बायांबरोबर चैत्यभूमीला जायची. एका वर्षी म्हणाली, "पाय दुखतात, तुम्ही जा." दुसऱ्या वर्षीही तेच. मग रविवारी विहारात वंदनेला जाणंही कमी झालं. गेलीच तर सगळ्यात मागे, दाराजवळ बसायची. मी तेव्हा नर्स होते. दिवसभर वॉर्डात दुसऱ्यांच्या आयांची लघवीची भांडी उचलत होते, आणि घरात माझी आई बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही, हे मला कळलं नाही. कळलं ते तिला लघवीला जळजळ होऊन थंडीतापाने अंथरूण धरल्यावर. पायांना काही झालं नव्हतं. तिची लघवी गळत होती, आणि लुगड्याच्या आत ती जुन्या चादरीचं धडपं लावत होती.

तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत हा विषय काढते. आधी सगळ्या खाली बघतात. बैठक संपली की एकेक बाई बाजूला घेऊन विचारते, "ताई, ते पॅड कुठलं घ्यायचं?" म्हणून या वेळी तेच लिहिते आहे.

हे का होतं?

लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि आतडं यांना खालून स्नायूंची एक झोळी आधार देत असते. बाळंतपणं, पाळी जाणं, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, वर्षानुवर्षं डोक्यावर हंडे आणि विटा वाहणं, यामुळे ती झोळी सैल पडते. मग शिंकलं, हसलं, हंडा उचलला की थेंब गळतात. हा एक प्रकार.

दुसऱ्या प्रकारात लघवीची घाई एकदम लागते आणि संडासापर्यंत पोहोचेपर्यंत राहवत नाही. घरात संडास नसेल, रांगेत उभं राहावं लागत असेल, तर हा त्रास दुप्पट जाणवतो. पुष्कळ बायांना दोन्ही प्रकार असतात. पुरुषांनाही उतारवयात प्रोस्टेटची गाठ वाढली की लघवी थेंबथेंब गळते. मधुमेह आणि लकव्यातही असं होतं.

यात कुणाची चूक नाही. शरीराचा एक भाग थकला आहे, एवढंच.

आणि पाणी तोडणं हा उपाय नाही. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, पिशवीला झोंबते, घाई वाढते, वास येतो, जंतुसंसर्ग होतो आणि बद्धकोष्ठता वाढते. कमी करायचाच असेल तर चहा कमी करा. झोपण्याआधी दोन तास पाणी बेताने प्या. दिवसा मात्र भरपूर प्या.

आधी तीन दिवस नोंद ठेवा

मेडिकलमध्ये जाऊन "एक पॅड द्या" म्हणू नका. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन दिवस खुणा करा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, किंवा रेघा मारा. तीन गोष्टी बघायच्या:

1. कधी गळते? दिवसा, रात्री, की दोन्ही वेळा?
2. काय करताना? खोकताना, वजन उचलताना, की संडासाकडे जाताना?
3. किती? चड्डी नुसती दमट झाली, चड्डी ओली झाली, की लुगडं आणि अंथरूण ओलं झालं?

घरात वजनकाटा असेल तर आणखी नेमकं कळतं. कोरं पॅड मोजा. वापरलेलं पॅड पिशवीत घालून मोजा. फरक 50 ग्रॅम आला तर अंदाजे 50 मिली लघवी गळली. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण 300 ते 500 मिली लघवी मावते. त्यामुळे काही थेंब गळणं वेगळं आणि पूर्ण पिशवी रिकामी होणं वेगळं. पॅड यावरूनच ठरतं.

पाळीचं पॅड का पुरत नाही?

बहुतेक जणी मुलीचं पाळीचं पॅड लावतात. ते स्वस्त मिळतं. जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड 2019 पासून एक रुपयाला एक आहे. पण ते पाळीसाठी बनवलेलं असतं. पाळीचं रक्त दाट असतं आणि हळूहळू येतं. लघवी पातळ असते, एकदम येते आणि जास्त येते. पाळीच्या पॅडवर ती पसरते, कडेने वाहते आणि वरचा थर ओलाच राहतो. ओल्या थराने मांड्या सोलवटतात.

लघवीच्या पॅडमध्ये पाणी ओढून घेणारी बारीक पावडर असते. लघवी लागली की तिची जेली होते आणि दाबलं तरी सहसा परत बाहेर येत नाही. पाळीच्या काही पॅडमध्येही ही पावडर असते, पण कमी. नुसते दोन-चार थेंब गळत असतील तर पाळीचं पॅड चालून जाईल. चड्डी ओली होत असेल तर नाही.

कोणासाठी काय?

*थेंबथेंब गळणं:* लघवीसाठीचं छोटं पॅड. खाली चिकटपट्टी असते, चड्डीला लावायचं. चड्डी सुती आणि अंगाबरोबर बसणारी हवी. सैल चड्डीत कुठलंही पॅड गळतं.

*चड्डी ओली होणं:* लांब आणि जाड पॅड, दोन्ही कडांना उभी झालर असलेलं. ही झालर लघवी कडेने जाऊ देत नाही.

*घाईत सगळी लघवी होणं, पण माणूस चालतंफिरतं:* चड्डीसारखं वर ओढून घालायचं डायपर. रोज वापरायला महाग पडतं. पण प्रवासाला, लग्नाला, हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायला फार उपयोगी. बाकी दिवस पॅडवर काढता येतात.

*अंथरुणाला खिळलेलं माणूस:* दोन्ही बाजूंना टेप असलेलं डायपर. माणसाला कुशीवर वळवून बदलता येतं. त्याखाली अंडरपॅड, किंवा रेक्झिन आणि त्यावर जुनी सुती चादर. नुसत्या रेक्झिनवर माणसाला कधी झोपवू नका. पाठ भिजते आणि जखमा होतात.

*पुरुष:* थेंब गळत असतील तर पुढच्या बाजूला जास्त शोषणारं, खोलगट आकाराचं पॅड मिळतं. बायांच्या पॅडचा जाड भाग मध्ये असतो, म्हणून पुरुषांना ते नीट बसत नाही.

माप अंदाजाने घेऊ नका. दोरीने कंबर मोजा, कुल्ला मोजा, जे जास्त भरेल ते पाकिटावरच्या आकड्याशी ताडून बघा. "मोठं घेतलं म्हणजे जास्त शोषतं" हा गैरसमज आहे. मोठं डायपर मांडीपाशी फट सोडतं आणि तिथूनच गळतं. घातल्यावर मांडीजवळची झालर बोटाने बाहेर काढा. ती आत दुमडलेली राहिली तर महागडं डायपरही गळणार.

आणि एकावर एक दोन पॅड लावू नका. पॅडच्या खाली प्लास्टिक असतं. वरचं भरलं की लघवी खालच्यात जात नाही, कडेने बाहेर येते. पैसे दोन पॅडचे आणि काम एकाचंच.

पाकीट मोठं घेण्याआधी परीक्षा घ्या

पहिल्यांदा सगळ्यात लहान पाकीट घ्या. सुटं मिळालं तर आणखी चांगलं. एक पॅड परीक्षेला खर्च करा. 200 मिलीची पाण्याची बाटली अर्धी भरा आणि त्यात चिमूटभर मीठ घाला. लघवीत क्षार असतात, आणि क्षाराच्या पाण्यात पॅड साध्या पाण्यापेक्षा कमी शोषतं. म्हणून मीठ हवं. हे पाणी पॅडच्या मधोमध एकदम ओता. दोन मिनिटं थांबा. वर वर्तमानपत्राची घडी ठेवून तळव्याने दाबा. कागद जेमतेम दमट झाला तर पॅड चांगलं. कागद भिजला किंवा कडेने पाणी आलं तर ते तुमच्या कामाचं नाही. थेंब गळणाऱ्यांनी एवढं पाणी घेऊ नये, पाव बाटली पुरे.

किंमत पाकिटाची बघू नका, एका नगाची काढा. समजा 10 नगांचं पाकीट 350 रुपयांना आहे, म्हणजे एक 35 रुपयांना. दिवसाला दोन लागले तर महिन्याचे 2100 रुपये. धुणीभांडी करणाऱ्या बाईला हे परवडत नाही. म्हणून सगळ्या वेळेला एकच वस्तू वापरू नका. घरात कपडा, बाहेर पॅड, रात्री किंवा प्रवासात डायपर, अशी वाटणी केली की खर्च बराच खाली येतो. वस्तीतल्या चार-पाच जणींनी मिळून मोठं पाकीट घेतलं तर आणखी स्वस्त पडतं. मेडिकलवाल्याला स्पष्ट सांगा, "लघवीसाठीचं पॅड हवं." मागणी झाली की तो माल ठेवतो.

पाळीच्या पॅडवरचा जीएसटी 2018 साली काढला गेला, कारण बाया बोलल्या. लघवीच्या पॅडबद्दलही आपल्याला बोलावं लागेल.

कपडा वाईट नाही

कपड्याला नाक मुरडू नका. मऊ, जुनं सुती लुगडं सहा-सात पदरी घडी करून शिवलं की थेंबांसाठी चांगलं काम देतं. नायलॉन किंवा टेरिकॉट नको, ते शोषत नाही. वापरल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळा, मग साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. लाजेपायी कपाटामागे, अंधारात वाळत घालू नका. दमट कपड्यामुळे खाज आणि बुरशी येते. वर पातळ ओढणी टाकून दोरीवर वाळवा, पण उन्हातच.

कातडी सांभाळा

- पॅड ओलं झालं की बदला. "अजून थोडं भरू दे" म्हणू नका. डायपर दर तीन-चार तासांनी तपासा. शी झाली तर लगेच बदला.
- साध्या पाण्याने पुढून मागे धुवा आणि टिपून कोरडं करा. घासू नका. डेटॉलचं पाणी नको, सारखा साबणही नको.
- पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावा. जाड थर दिला तर पॅडचा पृष्ठभाग बुजतो आणि ते शोषत नाही. पावडर टाकू नका, तिचे गोळे होऊन घासतात.
- सुगंधी पॅड टाळा. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साचून राहिली की वास येतो. अत्तरापेक्षा वेळेवर बदलणं महत्त्वाचं.

फेकताना

संडासात टाकू नका, गटारात तर मुळीच नको. पाईप तुंबला की पुऱ्या चाळीला त्रास. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, त्यावर लाल खूण करा आणि वेगळं द्या. 2016 च्या घनकचरा नियमांत डायपर आणि लघवीची पॅड सॅनिटरी कचऱ्यातच धरली होती, आणि ती नीट गुंडाळून देणं आपलं काम आहे. तो कचरा हाताने उचलणारा माणूस बऱ्याचदा आपल्याच घरातला असतो, हे विसरू नका.

पॅड म्हणजे इलाज नव्हे

पॅड लावून तुम्ही बाहेर पडू शकता, पण त्रास त्याने बरा होत नाही. खोकताना गळत असेल तर झोळीचा व्यायाम करा. लघवी आणि वारा दोन्ही अडवतो तसं खालचं अंग आत आणि वर ओढा, पाच मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट आणि मांड्या आवळू नका. भाकरी थापताना, गाडीत बसल्या बसल्या, कुठेही होतं. फरक दिसायला तीन महिने लागतात, म्हणून मध्येच सोडू नका. रात्री घाई होत असेल तर अंथरुणाजवळ झाकणाचं भांडं ठेवा. अंधारात सार्वजनिक संडासाकडे पळताना पडून खुबा मोडण्यापेक्षा ते बरं.

पुढचं काही दिसलं तर पॅड शोधत बसू नका, डॉक्टरकडे जा:

- लघवीत रक्त, जळजळ, ताप
- अंग बाहेर येणं
- ओटीपोट फुगलेलं, लघवी मोकळी होत नाही, नुसते थेंब येतात
- अचानक पायातली ताकद जाणं किंवा बसायची जागा बधिर होणं. यात त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा
- बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर दिवसरात्र सतत गळणं. लघवीच्या पिशवीला भोक पडल्याने असं होऊ शकतं आणि ते ऑपरेशनने बंद करता येतं. अशा बायांना घरातून बाजूला टाकलेलं मी पाहिलं आहे. त्यांना सांगा, यावर इलाज आहे.

आईला औषधांनी आराम पडला, व्यायामाने गळणं निम्म्यावर आलं, आणि उरलेल्यासाठी पॅड. पुढच्या 6 डिसेंबरला ती आमच्याबरोबर गाडीत बसली. पिशवीत तीन पॅड, जुनी वर्तमानपत्रं, एक जादा परकर आणि पाण्याची भरलेली बाटली. दादरला उतरेपर्यंत ती बाटली तिने रिकामी केली होती.

तुमच्या घरातली कुणी आजी, मावशी, आत्या हल्ली "पाय दुखतात" म्हणून घरीच थांबत असेल, तर आज तिच्याजवळ बसा. चारचौघांत नको, एकटीला हळूच विचारा, "पाणी पितेस ना गं?"