घरची पिशवी

आपली आजी बाजारला निघाली की खुंटीवरची पिशवी काढून काखेत घेई. ती पिशवी जुन्या लुगड्याची असे. तिला पैसा पडत नसे. पुढे दुकानात प्लॅस्टिकची पिशवी फुकट मिळू लागली आणि घरोघरची खुंटी रिकामी झाली.

पण ती फुकटची पिशवी आपल्याला महाग पडली. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत आणि ठाणे जिल्ह्यात फार मोठा पाऊस झाला. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीला पूर आला. बदलापूर आणि कल्याण भागात लोकांच्या घरांत पाणी शिरले. पाऊस तर फार होताच. पण शहरांतली गटारे आणि नाले प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबले, म्हणून पाण्याला जायला वाटही राहिली नाही. 2018 साली महाराष्ट्र सरकारने या पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्यांदा सापडले तर 5,000 रुपये दंड ठेवला.

तेव्हा आम्ही ठरवले, पिशवी घरीच शिवायची. त्यात काय अवघड आहे? आम्ही अंदाजाने कापड कापले, भराभर टाके घातले आणि पिशवी घेऊन कल्याणच्या बाजारात गेलो. पाच किलो तांदूळ घेतले. स्टेशनच्या जिन्यावर पिशवीचा बंद उसवला. तांदूळ पायऱ्यांवर सांडले. गाडीच्या घाईतली माणसे त्यावरून गेली. शेजारची भाजीवाली मावशी म्हणाली, "कापड चांगलं हाय बाई, पण बंद नुसता चिकटवल्यासारखा शिवलाय." तांदळाचे पैसे गेले, पण अन्न पायदळी गेले याचे वाईट जास्त वाटले.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी शिकलो. आधी मोजावे, लिहावे, मग कापावे. आणि पिशवीचे सारे बळ बंदाच्या मुळाशी असते.

कापड कोणते घ्यावे

मांजरपाट किंवा दुसरे जाड सुती कापड चालते. कापड आपल्याच जिल्ह्यात होते. भिवंडीत ते यंत्रमागांवर विणतात. उल्हासनगरला कापडाचा मोठा बाजार आहे.

घरात जुनी सुती साडी असेल तर तिचीच पिशवी करा. साडी उजेडात धरून पाहा. जेथून उजेड जास्त येतो तेथे कापड विरले आहे. तो भाग सोडून द्या. साडीचा काठ घट्ट विणीचा असतो. तो बंदासाठी राखून ठेवा.

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून हातभर जास्त घ्या. आधी धुवा, वाळवा आणि मगच मोजा.

मोजा आणि लिहा

एकाची वीत मोठी, दुसऱ्याची लहान. टेपचे माप मात्र सगळ्यांना सारखे. म्हणून टेपने मोजा आणि आकडे वहीत लिहा.

धुतलेल्या कापडाची लांबी 100 सेंटिमीटर आणि पन्हा 90 सेंटिमीटर आहे असे समजा. त्यात दोन पिशव्या होतात. पन्ह्यावर असे भाग पाडा:

पहिली पिशवी – 38
दुसरी पिशवी – 38
बंदांच्या दोन पट्ट्या – 7 आणि 7
एकूण – 90

पिशवीचे दोन्ही तुकडे 88 सेंटिमीटर लांब ठेवा. बंदांच्या दोन्ही पट्ट्या 100 सेंटिमीटर लांब आहेत. त्या मधोमध कापा. 50 सेंटिमीटरचे चार बंद झाले. प्रत्येक पिशवीला दोन. बंद कापडाच्या लांबीतच कापावा. तिरका कापला तर तो ताणतो.

शिवा

1. बंदाच्या दोन्ही कडा आत मध्यापर्यंत दुमडा. मग मधोमध घडी घाला. चार पदरी बंद होतो. त्याच्या दोन्ही कडांना टीप घाला.

2. पिशवीच्या तुकड्याचे 38 सेंटिमीटरचे एक टोक घ्या. ते आतल्या बाजूला आधी 1 सेंटिमीटर, मग 3 सेंटिमीटर दुमडा. ही पिशवीच्या तोंडाची पट्टी. एका बंदाची दोन्ही टोके या पट्टीखाली 3 सेंटिमीटर सरकवा. प्रत्येक टोक कडेपासून 10 सेंटिमीटर आत ठेवा. पट्टी शिवून घ्या. आता बंद खाली लोंबतो. तो वर वळवा. जेथे बंद पट्टीवर येतो तेथे चौकोन शिवा आणि चौकोनात फुली शिवा. म्हणजे ओझे एका टाक्यावर न पडता सगळ्या टाक्यांवर वाटले जाते. दुसऱ्या टोकालाही असेच करा.

3. कापडाची चांगली बाजू आत ठेवून मधोमध घडी घाला. तळाला घडीच येते, म्हणून तेथे शिवण नको. दोन्ही बाजू कडेपासून दीड सेंटिमीटर आत शिवा. त्यावर दुसरी शिवण घाला. पिशवी उलटवा.

यंत्र नसेल तर अडत नाही. दोरा दुहेरी घ्या आणि उलटी टीप घाला. सुई पुढे काढा, मागच्या टाक्याच्या तोंडाशी परत घाला, पुन्हा पुढे काढा. साधा धावदोरा एका ठिकाणी तुटला की सरळ निघत जातो. उलटी टीप तशी निघत नाही. आमची पहिली पिशवी धावदोऱ्याचीच होती.

आधी घरी पाहा

पिशवी झाली की लगेच बाजारला नेऊ नका. तिच्यात पाच किलो धान्य भरा आणि रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंदाचे मूळ पाहा. एखादा टाका सैल झाला असेल तर तेवढाच पुन्हा घाला. घरी सुटलेला टाका दोन मिनिटांचे काम. जिन्यावर सुटलेला टाका तांदूळ घेऊन जातो.

पिशवी मळली तर धुवा. फाटली तर ठिगळ लावा. ती जितकी वर्षे टिकेल तितकी स्वस्त पडेल.

वाचा आणि करा

1. आठवड्याला 3 प्लॅस्टिकच्या पिशव्या वाचल्या. वर्षाचे आठवडे 52. तर वर्षात किती वाचल्या?
2. तुमच्या कापडाचा पन्हा मोजा आणि लिहा. त्यात 38 सेंटिमीटरचे किती तुकडे बसतात?
3. घरातल्या पिशवीचा बंद तपासा. त्याच्या मुळाशी फुली आहे का? नसेल तर आजच शिवा.